मोताळ्याची सुपारी आणि एक गोळी

सकाळी सव्वासहाला सुलतानपूरहून एसटी धरली. सोबत धाकटा भाऊ वसंता. मोताळ्याला माझ्या मुलीची, सुमनची सुपारी फोडायची (लग्न पक्के करायचे) होती. ही तारीख तिसरी. पहिल्या दोन मीच पुढे ढकलल्या होत्या आणि खरे कारण घराबाहेर कोणाला सांगितले नव्हते. माझी प्रोस्टेट ग्रंथी वाढली आहे. रात्री पाच वेळा लघवीला उठावे लागे आणि दिवसा तासभर धीर धरवत नसे.

शेवटी बुलढाण्याच्या डॉक्टरांनी गोळी दिली. ती ग्रंथी लहान करत नाही, फक्त तिथली पकड सैल करते. "झोपतानाच घ्या, आणि एकदम उठू नका," असे त्यांनी दोनदा बजावले. अकरा दिवसांत पाचाचे दोन झाले. मग मी माझा हिशेब लावला: प्रवास दिवसाचा, तर गोळीही दिवसाच हवी. रात्रीची गोळी न घेता खिशात ठेवली आणि चिखलीच्या स्टँडवर चहाबरोबर घेतली.

"दादा, तब्येत बरी हाये ना?" वसंताने विचारले.

"उत्तम," मी म्हणालो, आणि ते खरेच होते. दोन्हीकडे कपाशी फुटून शेते पांढरी झाली होती. बुलढाण्याला गाडी बदलली, घाट उतरलो, हवा उबदार झाली.

मोताळ्याला बैठकीत नऊ पुरुष बसले होते. व्याही आत आले. "रामराम पाहुणे!" गळाभेटीसाठी मी ताडकन उठलो. डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी सतरंजीवर आडवा. सुपारीचे ताटही कलंडले.

शुद्ध आली तेव्हा नाकाशी फोडलेला कांदा होता. मागून कोणीतरी पुटपुटले, "मिर्गी (फेफरे) हाये काय यायले?"

व्याह्यांचा चेहरा उतरला. "दोन डाव तारीख काऊन बदलली, ते आता समजलं."

"नाही हो, गाडी लागली त्यायले," वसंता घाईने म्हणाला.

फेफऱ्याची शंका घेऊन ही माणसे उठली असती, तर सुमनला दुसरे स्थळ मिळणे कठीण होते. मी म्हणालो, "गाडी लागली नाही." आणि ग्रंथी, पाच वेळा, गोळी, चिखलीचा चहा, सगळे क्रमाने सांगितले. "डॉक्टरांचं ऐकलं नाही, ही चूक माझी."

व्याह्यांचे थोरले भाऊ आबा गरजले, "अन् एवढ्यासाठी पोरीचं लग्न अडवलं? मले रातचे सहा डाव उठा लागते!"

"मी चारातच हाय," कोपऱ्यातून आवाज आला.

"तू लहान हायेस अजून!"

व्याहीसुद्धा हसले. नवांपैकी चौघांनी डॉक्टर कुठे बसतात ते विचारले. आबांनी तळहात पुढे केला. "एक दे ना."

"गोळी नाही, पत्ता देतो. आधी तपासून घ्यावं लागतं."

सुपारी फुटली. कळण्याची भाकरी (ज्वारीत उडीद घालून केलेली) आणि भरीत पोटभर जेवलो.

दुसऱ्या दिवशी परतताना आबा डॉक्टरांकडे यायला निघाले. एका आजाराच्या लाजेपायी दोन तारखा गेल्या, आणि तो त्या एका खोलीत पाचजणांना होता, हाच विचार माझ्या मनात घोळत होता. घाटात आबा माझ्या कानाशी लागले. मी कंडक्टरला मोठ्याने सांगितले, "गाडी थांबवा, लघवीला जायचंय." गाडी थांबली. आबा एकटेच उतरायचे होते. त्यांच्या मागून सातजण उतरले.