उत्तरासाठी थांबणारी कॅसेट

आमच्या घरात गोष्टींच्या पुस्तकांआधी पत्रकं आली. बाबा केंद्र सरकारच्या एका कार्यालयात नोकरीला होते आणि तिथल्या कर्मचारी संघटनेची पत्रकं तेच लिहीत. नोएडात आमचा सेक्टर तेव्हा नवाच होता, निम्म्या प्लॉटांवर नुसतं गवत. संध्याकाळी पत्रक लिहून झालं की बाबा ते आम्हाला मोठ्याने वाचून दाखवायचे. कार्यालयाच्या गेटवरच्या सभेत एका दमात बोलता येणार नाही ते वाक्य खोडायचं, असा त्यांचा नियम होता. ऐकून ऐकून मला सगळं पाठ व्हायचं. पाहुणे आले की मी पत्रक हातात धरून धडाधड म्हणून दाखवायचे. "एवढीशी पोर, पण वाचते काय!" असं कौतुक व्हायचं. मी वाचत नव्हते हे कुणाच्याच लक्षात आलं नाही. पत्रकांच्या घरातच होऊ शकते अशी ती चूक होती.

शाळेत मात्र लपलं नाही. इंग्रजीच्या डिक्टेशनमध्ये माझी अक्षरं जागा सोडून पळायची. बाईंनी आईला बोलावून सांगितलं, "आळशी आहे. वार्षिक परीक्षेतही हेच झालं तर चौथीतच ठेवावं लागेल."

आळशी! इतरांच्या दुप्पट कष्ट करणाऱ्या मुलाला हा शब्द चिकटवणाऱ्या शाळांवर मी आजही लिहिते आणि लिहीत राहणार. आईने तेव्हा वाद घातला नाही. घरी येऊन तिने बाबांनी अजून वाचून न दाखवलेलं एक पत्रक माझ्या हातात दिलं. मी पहिल्या ओळीवर अडखळले आणि सरळ मागच्या महिन्याचं पत्रक म्हणायला लागले.

"अहो," आई म्हणाली, "ही वाचत नाही. ही ऐकते."

बाबांनी माझ्या हातातलं पत्रक घेऊन पाहिलं. आईच पुढे म्हणाली, "ऐकते ना? मग ऐकूनच शिकेल."

रविवारी आम्ही तिघं बसने दिल्लीला, करोल बागच्या बाजारात गेलो. स्पेलिंग शिकवणाऱ्या कॅसेटी तिथे मिळतात असं आईला कळलं होतं. आणि तिला त्या लावून, ऐकून घ्यायच्या होत्या.

"बहनजी, गाने की कैसेट थोड़ी है जो सुनके लेंगे?" दुकानदार म्हणाला.

"गाने की होती तो बिना सुने ले लेती, भैया. लगाइए."

पहिल्या कॅसेटवर मुलं पेटीच्या सुरांवर स्पेलिंगं गात होती. मी चाल लगेच उचलली, अक्षरं एकही नाही. दुसरीत एक बाई शब्द सांगायच्या, मग त्याचं वाक्य, मग एकेक अक्षर सावकाश. आणि मग काहीच नाही. नुसती फीत फिरण्याची खरखर.

"पीस ख़राब है शायद," दुकानदाराने हात पुढे केला.

पण मला ती शांतता ओळखीची होती. बाबा गेटवर घोषणेचा पहिला अर्धा भाग देऊन थांबायचे, ते लोकांनी दुसरा द्यावा म्हणून. त्या खरखरीत मी ती अक्षरं ओरडून म्हटली. गिऱ्हाइकांनी वळून पाहिलं. पुढचा शब्द आला, मी पुन्हा म्हटलं.

"हीच," आई म्हणाली.

बाबांनी डबी उलटून पाहिली. "कंपनी कुठली आहे बघितलंस?" कंपनी परदेशी होती. परदेशी माल घेऊ नका, हे त्याच आठवड्याच्या पत्रकात बाबांनीच लिहिलं होतं.

"कंपनी बघितली. आता मुलगी बघा."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग दुकानदाराला म्हणाले, "पूरा सेट दीजिए।"

त्यानंतर रोज शाळेतून आल्यावर टेपमधल्या बाई आणि मी. त्या थांबल्या की मी म्हणायचे, म्हणता म्हणता लिहायचे. चुकलं तर आई फीत मागे न्यायची. टेपमधल्या बाई कधी चिडल्या नाहीत. एका संध्याकाळी संघटनेतले एक काका चहाला आले, त्यांनी डबी उचलली आणि ते हसले.

"क्यों भाईसाहब, बायकाट सिर्फ़ गेट पर?"

मला वाटलं, बाबा आता मोठं भाषण देतील. ते म्हणाले, "हाँ यार. घर में लड़की है।"

वार्षिक डिक्टेशनच्या दिवशी बाई शब्द सांगून थांबल्या की मी ओठांतल्या ओठांत अक्षरं म्हणायचे आणि हात त्या अक्षरांच्या मागे चालायचा. सगळं बरोबर नव्हतं, पण मी पाचवीत गेले.

त्या संध्याकाळी बाबांनी नवीन पत्रक वाचून दाखवलं. परदेशी मालावरची ओळ तशीच होती. तिच्याखाली एक नवी मागणी होती: ऐकून शिकणाऱ्या मुलांसाठी प्रत्येक सरकारी शाळेत टेप आणि कॅसेटी हव्यात, आणि त्या इथेच बनाव्यात.

"वाक्य लांब झालंय," आई म्हणाली. "एका दमात होत नाही."

"होतं," मी म्हटलं, आणि म्हणून दाखवलं. बाबांनी ते खोडलं नाही.

मी त्यांच्याशी पुढे पुष्कळ भांडले, अजून भांडते. पण भांडायला लागणारे शब्द मला कागदावर उतरवता येतात, ते त्या रविवारी आईने कान देऊन ऐकलं आणि बाबांनी आपलीच ओळ मोडली म्हणून.