अंदाजाचे एकोणीस कागद

टिश्यू पेपर म्हटलं की लोकांना हॉटेलातलं टेबल आठवतं. हात पुसा, तोंड पुसा, चुरगळा आणि फेका. बुटांच्या खोक्यात तो असतो, काचेच्या पेल्यांभोवती असतो, पण तिथेही त्याच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. माझी मावशी कोट शिवायची, आणि तिच्या दुकानात माणसंच्या माणसं टिश्यू पेपरवर राहायची.

प्रत्येक गिऱ्हाइकाचं माप ती या कागदावर उतरवून ठेवी. पाठ, पुढचे दोन भाग, बाह्या, कॉलर, आणि कोपऱ्यात पेन्सिलीने वर्ष. बाकीचे शिंपी पुठ्ठा वापरतात, तो टिकतो. मी तसं म्हटलं की ती म्हणे, "पुठ्ठ्यातून पलीकडचं दिसतं का गं?" माझ्याकडे काज-बटणं करण्याचं आणि तोंड बंद ठेवण्याचं काम होतं. पैकी दुसरं मला कधीच जमलं नाही.

एकदा एका गिऱ्हाइकाला शिंक आली आणि त्याने टेबलावरचा कागद उचलून खुशाल नाक पुसलं. ती पोस्टमनची डावी बाही होती! मावशीने त्या भल्या माणसाला असं फैलावर घेतलं, की तो माप न देताच पळाला. "नाक पुसायचे कागद कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात," ती मागून ओरडली. "इथे माणसं ठेवलीत."

मी पोट धरून हसले होते. पुढे त्याच पोस्टमनचा पाय मोडला. तो परगावच्या दवाखान्यात पडून, आणि निवृत्तीच्या समारंभाला त्याला कोट हवा म्हणून त्याची मुलगी आली. माप कुठून आणायचं? मावशीने त्याच्या चौदा वर्षांच्या चौदा पाठी काढल्या, एकावर एक रचल्या आणि खिडकीच्या काचेला लावल्या. उजेडात चौदाच्या चौदा रेघा दिसू लागल्या.

"उजवा खांदा बघ," ती मला म्हणाली. "टपालाच्या पिशवीने दरसाल दोऱ्याएवढा खाली ओढलाय. आणि पोट कधी सुटलं? या पोरीला नोकरी लागली तेव्हा. बापाची काळजी मिटली."

मग तिने पंधरावी रेघ काढली, हात न थांबवता. कोट पोस्टमनला असा बसला, की टाचणी लावायला जागा सापडेना. माझ्या अंगावर काटा आला. माणूस दहा कोसांवर, आणि ही इथे बसून त्याची पाठ बेततेय! त्या दिवसापासून मी तिला उलट उत्तरं देणं कमी केलं. बंद नाही, कमी.

सगळ्यात खालच्या खणात एक गठ्ठा होता, माझ्या धाकट्या मामाचा. आजी-आजोबा लवकर गेले, तेव्हा मावशीनेच त्याला लहानाचा मोठा केला. विसाव्या वर्षी "जन्मभर सुईत दोरा ओवणार नाही" म्हणून तो तिच्याशी भांडला आणि घर सोडून गेला. भांडणात ती काय बोलली, ते तिने कधी कोणाला सांगितलं नाही. ना त्याचं पत्र, ना फोन. दरवर्षी त्याच्या वाढदिवशी मावशी त्याचा नवा कागद बेतायची. पहिला खरा, मापाचा. पुढचे एकोणीस अंदाजाचे. आमच्या घरातले पुरुष तिशीत मानेला भरतात, पस्तिशीत पोटाला, हे तिला तोंडपाठ होतं. माझी आई म्हणायची, "ताई, वेड लागलंय तुला."

आणि तो गेल्यानंतर विसाव्या वर्षी पत्र आलं. दोन ओळी. रविवारी येतो.

मावशीने दुकानातलं सगळ्यात उंची राखाडी कापड काढलं. मी म्हटलं, "अगं, आधी येऊ तर दे त्याला. मग माप घे."

"माप परक्याचं घेतात," ती म्हणाली. "तो मला अजून कळतो की नाही, ते बघायचंय मला."

कॉलर तिने लावली, उसवली आणि पुन्हा लावली. तिला शिवण उसवताना मी आजवर कधी पाहिलं नव्हतं. मी त्या कोटाची काजं जीव ओतून केली. हा कोट बसावा, एवढं एकच मागणं मी तीन दिवस मनात घोळवत होते.

रविवारी सकाळी मामा आला. मावशीने त्याला बसूसुद्धा दिलं नाही, उभ्याउभ्या कोट चढवला. खांदे बिनचूक. बाही मनगटाच्या हाडावर येऊन थांबली. एकोणीस वर्षं डोळ्यांनी न पाहिलेला माणूस! मी टाळी वाजवणारच होते. मग मामाने बटणं लावली. पुढून कोट इतका सुटा राहिला, की आत आणखी अर्धा मामा मावला असता.

मावशी त्याच्याभोवती एक फेरी मारून आली. "दरसाल थोडा थोडा जाड करत गेले रे तुला," ती म्हणाली. "म्हटलं, रागावलाय, पण पोटभर जेवत असेल."

गठ्ठा टेबलावरच होता. मामाने तो उचलून खिडकीला लावला. एकीबाहेर एक अशा स्वतःच्याच रेघा तो बराच वेळ पाहत राहिला. मग आठव्या रेघेवर त्याने बोट ठेवलं.

"या वर्षी कारखाना बंद पडला. एक वेळ जेवायचो."

"मग पत्र का नाही टाकलंस?"

"तूच म्हणाली होतीस ना ताई, सुई नको असेल तर उद्या हात पसरत येऊ नकोस."

मावशीने गठ्ठ्यातून तो आठव्या वर्षाचा कागद ओढून काढला आणि त्यानेच आपले डोळे पुसले. मग नाकही पुसलं, चांगलं जोरात. मी तोंडातून चकार शब्द काढला नाही. मामाने हात पुढे केला, तेव्हा तिने कागद मधोमध फाडून अर्धा त्याला दिला.

मग तिने गळ्यातली टेप काढली.

"हात वर कर," ती म्हणाली. "माप घेऊ दे."