आमचं गारगोटी मंडळ

घरी पाहुणा आला आणि त्यानं विचारलं, की तुम्ही लोकांनी एवढ्या वर्षांत नेमकं काय गोळा केलं, तर मी आधी कपाट उघडते. दगड बघून पाहुणा पाच मिनिटांत घड्याळाकडे बघायला लागतो. मग मी कपाट बंद करते आणि ते दगड कसे मिळाले ते सांगायला बसते. तेव्हा मात्र तो जेवूनच जातो!

मंडळात आम्ही चारच जण. खिल्लारे सर आमचे म्होरके, सेनगाव तालुक्यात विज्ञान शिकवून रिटायर झालेले. शेषराव राठोड साखऱ्याजवळच्या तांड्यावरचा, सुरुंग लावून विहिरी फोडणारा. सलीमभाईंचं वारंगा फाट्यावर पंक्चरचं दुकान. आणि मी उपकेंद्रातली नर्स. सगळे मला ‘सिस्टर’ म्हणतात. चिडला की माझा नवरासुद्धा!

* * *

मी या नादाला लागले ती सरांमुळे. लसीकरणाला निघाले होते. रस्त्याच्या कडेला नव्या विहिरीतून काढलेल्या दगडांचा ढीग, आणि त्या ढिगावर एक पांढऱ्या शर्टातला म्हातारा माणूस चक्क रांगतोय. मला वाटलं, चक्कर आली असेल. स्कूटी थांबवून धावत गेले.

“काका, काय होतंय? काही हरवलं का?”

“अजून माहीत नाही,” सर म्हणाले. “सापडलं की सांगतो काय हरवलं होतं!”

त्यांनी एक काळा गोटा हातोडीनं फोडून माझ्या हातात दिला. बाहेरून अगदी भिकार. आतल्या पोकळीत मात्र साखर सांडावी तसे लखलखीत खडे, सगळी टोकं आत वळलेली. त्या दिवशी गावातली लेकरं अर्धा तास माझी वाट बघत बसली. लस देताना मी एकेका आईला तो दगड दाखवत होते.

* * *

शेषरावला पहिल्यांदा आमचं काही पटत नव्हतं. “सर, दगड फोडून फोडून माझं आयुष्य चाललं आन् तुमी त्याच्या पाया पडून राहिले!” असं म्हणायचा. पण एकदा साखऱ्याच्या एका विहिरीत निम्म्यावर त्याला कपारीत मोठी पोकळी दिसली. बारूद भरायची बाकी होती. त्यानं काम थांबवलं आणि सरांना फोन केला.

आम्ही पोचलो तर बार बघायला आलेली माणसं लांब लिंबाखाली उभी. सर क्रेनच्या टोपल्यात बसून खाली गेले. पोकळीत क्वार्ट्झचे हे बोटाएवढे खडे! सरांनी खिशातून टूथब्रश काढला आणि एकेक खडा हळूहळू साफ करायला घेतला. पंधरा मिनिटं झाली, अर्धा तास झाला. विहीर ज्यांची होती ते बाबाराव काठावर आले, डोकावले आणि ओरडले,

“सर, दात घासून झाले का हो? इथं पान्यासाठी जीव टांगणीला लागलाय आमचा!”

सर खडे घेऊन वर आले. मग बार उडाला. दुसऱ्या दिवशी शेषरावचा फोन आला. पाणी लागलं होतं. बाबारावांनी निरोप दिला होता, “सरांना म्हणा, आता या चूळ भरायला!”

* * *

आता आमच्या सासूबाई. एकदा मला एका खदानीतून फार नाजूक नमुना मिळाला. क्वार्ट्झच्या पापुद्र्यावर पांढऱ्या केसासारख्या सुयांचा गोळा, अगदी फुटलेल्या कापसाच्या बोंडासारखा. फुंकर मारायलासुद्धा भीती वाटायची. तो मी खिडकीत ठेवला आणि ड्युटीवर गेले.

संध्याकाळी आले तर सासूबाई खुशीत. “अगं, तुझ्या त्या दगडाला केवढी बुरशी धरली होती! घासून घासून काढली बघ. काहून लक्ष देत न्हाईस?”

मी रडवेली होऊन सरांना फोन लावला. सर म्हणाले, “सिस्टर, आईंना काही बोलू नका. दिसते ती बुरशीसारखीच.” आणि फोन ठेवता ठेवता, “फक्त त्यांना माझ्या घरी आणू नका!”

* * *

सलीमभाईंच्या दुकानासमोर एकदा ट्रक उभा होता. गाडी घसरू नये म्हणून मागच्या चाकाला उटीचा दगड लावलेला. सर चहा पीत होते, ते अर्धा कप टाकून उठले. तो दगड जांभळा होता! आतून तर वांग्याच्या रंगाचे खडे चमकत होते.

“सलीमभाई, तेवढा दगड काढा.”

“क्या सर! वो पत्थर निकाला तो गाडी सीधी मेरे दुकान में घुसेगी. बैठो, चाय पियो.”

सर बसले. चार चहा झाले. चाक बसलं, ड्रायव्हर आला, आणि जाताना उटीचा दगड उचलून त्यानं केबिनमध्ये टाकला! ट्रक नांदेडच्या दिशेनं सुटला. सलीमभाईंनी सरांना मोटारसायकलवर मागे बसवलं, बदल्यात द्यायला सरांच्या मांडीवर एक साधा काळा दगड ठेवला आणि पुढच्या ढाब्यापर्यंत ट्रकचा पाठलाग केला.

ड्रायव्हर भला माणूस होता. जांभळा दगड त्यानं हसत देऊन टाकला. काळा हातात घेतला, उलटासुलटा करून नीट पाहिला आणि म्हणाला, “साब, एक बार अच्छे से देख लो. बाद में इसके पीछे भी मत आना!”

* * *

सरांना किडनी स्टोन झाला तेव्हा पहाटेच मला फोन आला. बिचारे घामाघूम झाले होते. हिंगोलीला दवाखान्यात नेलं, ऑपरेशन झालं, खडा निघाला. शुद्धीवर येताच सरांनी आधी चष्मा मागितला, मग तो खडा, मग भिंग. डॉक्टर बघतच राहिले.

सरांनी दहा मिनिटं निरखून पाहिलं आणि उशाशी बसलेल्या बायकोला, आमच्या बाईंना, म्हणाले, “क्रिस्टल सुंदर आहेत गं!”

बाई रात्रभर जागलेल्या. त्या म्हणाल्या, “असतील. पण हा दगड तरी घरात येणार नाही!”

* * *

गेल्या वर्षी आम्ही शाळेत प्रदर्शन मांडलं. शेषराव त्याच्या आईला घेऊन आला. काचबिंदूनं तिची नजर पार गेलेली. डोळे गेल्यापासून ती तांड्याबाहेर पडतच नव्हती, दवाखान्यातसुद्धा मी ओढून न्यायची. दारातच तिची कुरकुर सुरू झाली, “मला काहून आनलं? मी काय पाहू इथं?”

टेबलावर ‘हात लावू नये’ अशी पाटी होती. सरांनी ती उचलून पालथी ठेवली आणि एक मोठा खडा तिच्या हातात दिला. “हा क्वार्ट्झ, आजी. म्हणजे गारगोटीच.”

म्हातारीनं तो दोन्ही हातांत धरला. बोटं हळूहळू फिरली. कडेवरून गेली, परत आली.

“ह्याला सहा बाजू हायेत.”

सर खूश! त्यांनी दुसरा दिला, बारका. “सहाच.” तिसरा, टोक तुटलेला. “ह्याला बी सहा. सगळ्याला सहाच कशा?” तिच्या चेहऱ्यावर मी इतक्या दिवसांत न पाहिलेलं हसू होतं. पोरं गोळा झाली.

सरांनी सातवा की आठवा खडा दिला. त्यांचा लाडका, काचेसारखा नितळ, कपाटातल्या पहिल्या खणातला. म्हातारीची बोटं फिरली, थांबली, पुन्हा फिरली.

“हे त्यातलं न्हाई.”

“त्यातलंच आहे, आजी. बारा वर्षं आहे माझ्याकडे.”

“असू दे. ह्याला चारच बाजू हायेत.”

“माय, सर हायेत ते!” शेषराव हळूच म्हणाला.

“हायेत तर हायेत. मोजा म्हनावं.”

सरांनी भिंग काढलं. खडा खिडकीपाशी नेला. एकदा मोजलं. भिंग पुसलं, परत मोजलं. मग चिठ्ठीवरचं ‘क्वार्ट्झ’ खोडून त्यांनी ‘अपोफिलाइट’ लिहिलं, म्हणजे गारेसारखंच दिसणारं, पण चार बाजूंचं दुसरं खनिज.

“आजी, तुमचं नाव सांगा,” सर म्हणाले. “ओळखलं कुणी, तेही लिहावं लागतं.”

“शेषरावची माय लिव्हा.”

“त्याचं नको. तुमचं.”

ती थोडी लाजली. “सोनाबाई.”

सरांनी सावकाश, सुवाच्य अक्षरात नाव लिहिलं. मग टेबलामागची खुर्ची ओढून तिला बसवलं आणि उरलेले सगळे ट्रे एकेक करून तिच्यासमोर सरकवले.

“सोनाबाई, हे बाकीचे पण एकदा तपासून द्या.”