तारमावशी विचारायच्या, "बरोबर?"

तारमावशींनी माउसला कधी हात लावला नाही. त्यांच्या टेबलावर तो कम्प्युटरच्या मागे, रुमालाखाली झाकून ठेवलेला असे. "बोट दाखवून वस्तू दुकानात मागतात," त्या म्हणायच्या. "मला काय हवंय ते मला शब्दांत सांगता येतं."

सांगलीच्या तार ऑफिसात त्यांची सगळी नोकरी झाली. निवृत्तीनंतर घरी बसून लोणची घालायची सोडून त्या एका कॉलेजात, पहिल्या वर्षाच्या पोरांमागे बसून, युनिक्स शिकल्या, म्हणजे कम्प्युटरला टाइप करून आज्ञा द्यायला. नव्वदचं दशक सरत आलं होतं. आटपाडी तालुक्यात आमचं टँकरचं आंदोलन पेटलं होतं, कारण टँकर ठेकेदाराच्या कागदावर रोज येत होता आणि गावात येत नव्हता. मी कोरेगावचा, पत्रकं लिहून तयार झालेला, तोंडाने फटकळ. प्रत्येक गावाने आपली नोंद स्वतः करावी आणि ती सगळ्यांना वाचता यावी, अशी एक सामाईक वेबसाइट आम्हाला हवी होती. कॉलेजने आपल्या सर्व्हरवर जागा दिली. पण ती उभी करणार कोण? सगळ्यांनी मावशींकडे बोट दाखवलं.

त्यांनी आधी रेघी वहीत पेनाने आज्ञा लिहिल्या. गावाला एक ओळ: गावाचं नाव, वाचायचं कोणी, लिहायचं कोणी. मग ती यादी जशीच्या तशी एका फाइलीत टाइप केली. तिला त्या 'तार' म्हणत. एन्टर दाबलं आणि एकवीस गावांची एकवीस पानं पडद्यावर सरसर उभी राहिली. मोर्चे मी पुष्कळ पाहिले होते. एका म्हातारीच्या करंगळीखाली एकवीस गावं रांगेत येताना पहिल्यांदाच पाहत होतो. मी खुर्चीवरून उठून उभाच राहिलो.

आणि त्यांचा एक नियम होता. कुठलीही आज्ञा मोठ्याने वाचल्याशिवाय आणि शेजारच्याने "बरोबर" म्हटल्याशिवाय त्या एन्टर दाबत नसत. "तारेत एक अक्षर चुकलं, तर भलत्याच घरात रडारड होते," म्हणायच्या. मला हा वेळेचा अपव्यय वाटे.

लिहायचा हक्क फक्त माझ्याकडे ठेवा, असा मी हट्ट धरला. गावचे लोक काहीबाही लिहितील, मी तपासून टाकीन. मावशींनी चष्म्यावरून पाहिलं.

"तुमचं भांडण कोणाशी आहे, कार्यकर्ते? गावाच्या नावाने तिसराच माणूस नोंद करतो, त्याच्याशीच ना?"

मी चिडलो. पण लिहायचा हक्क गावांकडेच राहिला.

आमच्या तक्रारीवर तहसीलदार साहेबांपुढे सुनावणी लागली. तिच्या आदल्या दिवशी माझ्या डोक्यात आलं, की ठेकेदाराची माणसं आपली पानं आधीच वाचतील. बाहेरच्यांचं वाचन बंद करायला हवं. मावशी जेवायला गेल्या होत्या. मीच आज्ञा टाइप केली. गावाच्या नावाच्या जागी मावशी कधीकधी चांदणीचं चिन्ह (*) टाकतात, हे मी पाहिलं होतं, मीही टाकली. वाचून बघितलं नाही. एन्टर.

अर्ध्या तासात आटपाडीच्या कम्प्युटर क्लासमधून फोन आला. हौसाक्का. आपल्या गावाची टँकरवही फडक्यात बांधून त्या भर उन्हात शेवटच्या नोंदी चढवायला चालत आल्या होत्या.

"काय रं पोरा, ह्यो डबा आमाला लिवू दीना! कुणालाच लिवू दीना म्हंत्यात हितं. उद्या सायबापुढं काय दावायचं? का तूबी त्या ठेकेदारावानीच झालास?"

मी टाइप केलेली ओळ आता पहिल्यांदा वाचली. वाचायच्या जागी मी लिहिण्याचा हक्क काढला होता, आणि चांदणीचा अर्थ 'सर्व', म्हणून तो सगळ्याच गावांचा गेला होता.

मावशी आल्या. ऐकलं. ओरडल्या नाहीत. वही उघडली. "वाचते. चुकलं तर टोका."

दिघंची. बरोबर. खरसुंडी. बरोबर. झरे. बरोबर. असं एकवीस वेळा. एकही गाव त्यांनी माझ्या "बरोबर"शिवाय पुढे जाऊ दिलं नाही. एन्टर. फोनवर हौसाक्का ओरडल्या, "उघडलं गं बाई!"

मग मावशी एवढंच म्हणाल्या, "पत्रकात 'सर्व' लिहिलं तरी कोणाचं काही बिघडत नाही. इथे 'सर्व' म्हणजे खरोखरच सर्व."

दुसऱ्या दिवशी गावांनी आपापली पानं छापून साहेबांपुढे ठेवली. हौसाक्कांनी त्यांचं पान स्वतः वाचलं, बोट ठेवून. साहेबांनी ठेकेदाराचं रजिस्टर मिटलं आणि बाजूला सारलं.

वर्षभरात मावशींची नजर अधू झाली. त्या लेकीकडे वाईला राहायला निघाल्या. जायच्या दिवशी दुपारी मला बोलावलं. वही माझ्या हातात दिली आणि पडद्याला नाक लावून एक ओळ टाइप केली. मोठ्याने वाचली.

"तारमावशी. सर्व हक्क काढावेत. बरोबर?"

मी म्हणालो, "मावशी, राहू द्या की तुमचं नाव. कोणाला अडचण आहे?"

"जो इथे नाही, त्याच्या हातात किल्ली नको. ओळ थांबलीय, कार्यकर्ते."

खुर्च्या सोडा म्हणून मी कित्येकांच्या दारात घसा फोडला होता. आपली खुर्ची काढून घ्यायला माझी परवानगी मागणारं माणूस मला ह्या एकाच टेबलाशी भेटलं.

त्या वाट पाहत होत्या. करंगळी एन्टरवर होती.

"बरोबर," मी म्हणालो.