रंभाबाई आणि 'काळं बियाणं'

'काळं बियाणं' ही कादंबरी शेतीच्या कपाटात लावली, ही चूक माझीच. रोह्याच्या एस.टी. स्टँडजवळच्या आमच्या वाचनालयात तेव्हा पुस्तकांची पाच खोकी एकदम आली होती आणि मी नुसती नावं बघून पुस्तकं मांडत होतो. मुखपृष्ठावर टपोरं बी होतं, त्याला कोंब फुटलेला. खाली बारीक अक्षरात 'अद्भुत कादंबरीमाला, भाग पहिला' असं छापलेलं मला दिसलं नाही. रंभाबाईंनाही दिसलं नाही.

ही गोष्ट २००७ सालच्या मे महिन्यातली. रंभाबाई कोलाडच्या अलीकडच्या एका गावातल्या. घरात भात आणि वाल ही पिकं. बाजारच्या दिवशी भाजी विकून झाली की त्यांच्या गाडीला तासभर असायचा, तो तास त्या आमच्या पंख्याखाली काढत. शिक्षण सातवीपर्यंत. पंचांग आणि शेतीची पुस्तकं वाचायच्या, पण कादंबरी त्यांनी कधी हातात धरली नव्हती.

शेतीचं समजून नेलेलं ते पुस्तक पंधरा दिवसांनी माझ्या टेबलावर ठेवून त्या म्हणाल्या, "भाऊ, साठ पानं झाली तरी वाण कुठलं ते लिवलेलं नाय."

मी मधलंच एक पान उघडलं. इरावणी नावाची मुलगी एका गरुडाशी बोलत होती. मी ओशाळलो. म्हणालो, "ही गोष्ट आहे, रंभाबाई. माझं कपाट चुकलं. बदलून देतो."

"बदलू नका. पोर डोंगराव चढलीय आनि मागं राक्षस हाय. अशी कशी मधीच सोडू?"

त्यांनी पुस्तक पिशवीत घातलं आणि गाडी पकडली.

गोष्ट अशी होती. एका मांत्रिकाने सात गावांवरचा सूर्य झाकून टाकलेला. दूरच्या किल्ल्यात काळं बी पेरलं तरच उजेड परत येणार. ते बी घेऊन इरावणी निघते. सोबत बोलणारा गरुड आणि नदीपार नेणारा वाघोजी नावाचा म्हातारा नावाडी. खरं सांगायचं तर असली पुस्तकं मी स्वतः कधी वाचत नव्हतो. मोठ्या माणसांनी ती वाचायची नसतात, असं माझं मत होतं.

रंभाबाईंनंतर ते पुस्तक हैबतरावांनी नेलं. हैबतराव म्हणजे आमचे निवृत्त पोस्टमास्तर, वाचनालयातली एकूण एक चूक शोधून काढणारे. दोन दिवसांत ते तणतणत परत आले. "कोणीतरी पुस्तक खराब केलंय. बघा हे."

समासात पेन्सिलीने गोलगोल अक्षरात लिहिलं होतं. 'घोडा तीन दिवस पळतोय. पाणी कोनी पाजलं?' पुढे, 'राणी जंगलात जाऊन रडली. बरं केलंन. घरात रडायला जागा नसते.' एका ठिकाणी, 'राक्षसाला आई नाय का?' आणि एका पानावर दोनदा अधोरेखित करून, 'गरुड बोलतो, बोलू दे. पण भाद्रपदात लावणी? दाना भरनार कधी?'

मी म्हणालो, "खोडून टाकतो."

हैबतरावांनी पुस्तक माझ्या हातून काढून घेतलं. "खोडू नका. आणि दुसरा भाग आला की आधी त्या बाईंना द्या. मग मला."

पुढच्या बाजारी मी रंभाबाईंना एक दोनशे पानी वही दिली आणि काय लिहायचं ते यात लिहा म्हणालो. त्या लाजल्या, पण वही घेतली.

त्या आषाढात लावणीला त्यांनी ही कादंबरी शेतात नेली. पुस्तक नव्हे, गोष्ट. गुडघाभर चिखलात ओळीने वाकलेल्या बायकांना त्या रोप लावता लावता पुढची गोष्ट सांगत. सांगता सांगता त्यांचा हात मंदावला की पुतळी नावाची शेजारीण म्हणे, "बाकीचं बांधावर गेल्याव सांग गो, नायतर आज खाचर व्हायचं नाय." पण बाकीच्या बायका ऐकत नसत. महिपतींनी, म्हणजे रंभाबाईंच्या नवऱ्याने, पहिल्या दिवशी कपाळाला हात लावला. तिसऱ्या दिवशी ते नांगर थांबवून विचारत होते, मांत्रिकाकडे माणसं किती.

दुसरा भाग दिवाळीत आला. रंभाबाईंनी तो आठवड्यातच परत आणला, अर्धा वाचून.

"वाघोजी मेला," त्या म्हणाल्या. "पुढचं मी वाचत नाय."

"अहो, गोष्टच ती."

"गोष्ट हाय ते मला कलतं. पन मला नाय पटलं."

त्यानंतरचे दोन बाजार त्या वाचनालयात फिरकल्याच नाहीत. पंख्याखालचं बाक रिकामं बघून मला चुकल्यासारखं व्हायला लागलं. तिसऱ्या बाजारी त्या दारातच उभ्या राहिल्या. "भाऊ, नुसतं सांगा. इरावणी पलीकडं पोचली का?"

मला माहीत नव्हतं.

"पुस्तकांत बसता नि वाचत नाय तुमी?"

त्या दिवशी दोन्ही भाग मी घरी नेले. चार दिवसांत वाचले आणि वाघोजीचं पान दोनदा वाचलं. इरावणी मेलेल्या नावाड्याचं वल्हं स्वतः उचलते आणि होडी पलीकडे नेते. हे सांगितल्यावर रंभाबाईंनी पुस्तक परत घेतलं.

मग मी एक उद्योग केला. त्यांना विचारून वहीतली निवडक पानं उतरवली आणि प्रकाशकाच्या पत्त्यावर पाठवून दिली. महिन्याने लेखिकेचंच पत्र आलं. नाव दीना पेणकर, राहणार ठाणे. लिहिलं होतं, 'मला या बाईंना भेटायचं आहे. शनिवारी मी प्रवास करत नाही, रविवारी आले तर चालेल का?'

जानेवारीतल्या एका रविवारी दीनाबाई पॅसेंजरने रोह्याला उतरल्या. पन्नाशीच्या, जाड चष्मा, पायात नवे कोरे बूट. मी त्यांना रिक्षाने गावात नेलं. भात कापून झालेल्या खाचरांत वाल उभा होता, शेंगा भरलेल्या. रंभाबाईंनी पाणी दिलं, बांधावर गोणपाट अंथरलं आणि सरळ विषयाला हात घातला.

"आडनाव पेणकर, आनि लावनी कदी ते ठावं नाय?"

दीनाबाई मोठ्याने हसल्या. "आजोबा पेणजवळ तेलाचा घाणा चालवायचे. आमच्या ज्यू समाजाची पुष्कळ माणसं मग इस्रायलला गेली. आम्ही ठाण्यापर्यंतच पोचलो. मी चौथ्या मजल्यावर वाढले, रंभाताई. भात कुकरमध्ये पाहिलेला."

"मग वाघोजीला का मारलात?"

"तो असता तर इरावणीने वल्हं हातात घेतलंच नसतं."

रंभाबाईंनी विचार केला. एक शेंग सोलली, दाणे दीनाबाईंच्या हातावर ठेवले. "त्याचा हात मोडला असता तरी तिनंच वल्हवलं असतं. म्हातारा होडीत बसून शिव्या घालीत ऱ्हायला असता. मारायची काय गरज होती गो?"

दीनाबाईंनी पिशवीतून वही काढून ते लिहून घेतलं.

दुपारी महिपतींनी पोपटी लावली. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा आणि अंडी, मडकं उपडं आणि भोवती गवताचा जाळ. शेंगा खाता खाता दीनाबाईंनी शंभर प्रश्न विचारले. रोपांसाठी जमीन भाजून राब कधी करतात, रोप किती दिवसांचं असतं, चिखलात बूट चालतात का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी खालच्या ओल्या खाचरात उतरून स्वतःच मिळवलं. एक बूट काढायला दोघं लागले.

तिसरा भाग दीड वर्षाने आला. त्यात लावणी आषाढात होती. एवढंच नाही, तर ऐन लढाईत दोन्हीकडचे सैनिक लावणीसाठी घरी जातात आणि सेनापतींना महिनाभर वाट बघत बसावं लागतं. मला तर तो प्रसंग फार आवडला. रंभाबाई खूश होतील म्हणून मी त्या बाजारी दारातच उभा राहिलो.

त्यांनी वही पुढे केली. लिहिलं होतं, 'लावनी बरोबर. चिखल बरोबर. पण या वेळी शेती लय झाली आनि जादू कमी पडली. शेती आमाला रोजची हाय. गरुड पन्नास पानं कुठं गेला?'

ते पान मी दीनाबाईंना फोनवर वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "मीही तो शोधत होते. लिहिताना लावणीत इतकी रमले की त्याला विसरूनच गेले."

मागच्या पावसाळ्यात माझं त्या गावात काम निघालं. रस्त्यालगतच्या खाचरात लावणी चालली होती आणि बायकांचं कडाक्याचं भांडण ऐकू येत होतं. सूर्य परत आल्यावर गरुडाने इरावणीजवळ राहायचं की आपल्या पिल्लांकडे जायचं, यावर दोन तट पडले होते. रंभाबाई मधल्या ओळीत वाकून दोन्हीकडचं ऐकत होत्या. मला पाहून त्यांनी हाक मारली, "भाऊ, तुमी सांगा."

मी म्हणालो, इरावणीने एवढं केलं त्याच्यासाठी, त्याने राहायला हवं.

पुतळीने रोपांची मूठ माझ्यापुढे बांधावर ठेवली आणि म्हणाली, "व्हा आत. काम करीत करीत सांगते, कुठं चुकता ते."