मैल साठवणारं गिऱ्हाईक

आमच्या वेसाव्यात नारळी पुनवेआधी कोळंबीचा सौदा करायला कुणी येत नाही. होड्या वर ओढलेल्या असतात, आम्ही जाळी शिवत बसलेले असतो, दाखवायला एक कोळंबी नसते. अशा भर श्रावणात तो परदेशी साहेब विमानाने आला, तेव्हाच माझ्या मनात खुट्ट झालं. ऐंशीनंतरची गोष्ट. त्या वर्षातली ही त्याची तिसरी खेप. आधीच्या दोन्ही वेळी कोळंबी हातात घेऊन वास घेतलान, मान हलवलीन आणि गेला.

या वेळी त्याला माझा शब्द हवा होता. माझ्या होडीची सगळी कोळंबी शिमग्यापर्यंत त्याला. आजवर ती आमच्या जुन्या व्यापाऱ्याला जायची. बायकोचा त्या व्यापाऱ्याच्या काट्यावर विश्वास नव्हता. आमच्यात मासळी नाखवा आणतो, विकते त्याची बायको. तिने साहेबाला द्यायचं पक्कं केलं होतं. मी फक्त जाऊन हो म्हणायचं होतं.

मी चौथी नापास. म्हणून कॉलेजात जाणाऱ्या पोरीला बरोबर घेऊन अंधेरीला, विमानतळाजवळच्या त्याच्या हॉटेलात गेलो. दरवानाने मला खालपासून वर बघितलं. मीही त्याला बघितलं. वर खोली अशी थंड, की आम्हालाच बर्फात घातल्यासारखं वाटलं. साहेबाची बॅग उघडी होती. आत साबणाच्या छोट्या वड्या, कागदावर वेगवेगळ्या हॉटेलांची चित्रं. ज्याला हॉटेलातला साबण सोडवत नाही, तो मला भाव काय देणार?

साहेब खुशीत होता. खिशातून एक कार्ड काढून पोरीला दाखवलंन.

"काय बोलतो?"

"बाबा, विमान कंपनी यांचे मैल लिहून ठेवते. खूप साठले की एक तिकीट फुकट."

"फुकट? कोण कुणाला फुकट नेतो गो?"

"तसा नियम हाय त्यांचा."

"मी तीस वर्सं दर्यात जातोय. माझे मैल कुणी लिवले? डिझेलचा एक डबा तरी दिला?"

पोरगी हसली. तिने सांगितल्यावर साहेबही हसला. मी हसलो नाही.

"त्याला इचार, या खेपेला मैलांसाठी आला का आमच्यासाठी."

"बाबा, असं नाय इचारत."

"इचार!"

तिने विचारलं. साहेब बराच वेळ बोलला. "ते बोलतात, मैल थोडे कमी पडत होते म्हणून याच महिन्यात आले. पण कुठंपण जाता आलं असतं, तुमच्याकडं आले."

मी पहिलं तेवढं ऐकलं. म्हटलं, पुनव झाल्यावर माझी होडी पहिल्यांदा परत येईल तेव्हा किनाऱ्यावर उभा राहा, तिथे शब्द देतो. त्याला तेव्हा दुसऱ्या देशात जायचं होतं. माझा माणूस येईल म्हणाला. मी उठलो. चहा तसाच राहिला.

तिथून थेट जुन्या व्यापाऱ्याकडे गेलो आणि त्याला शिमग्यापर्यंतचा शब्द देऊन टाकला.

बायको घरी पापलेटची जुनी टोपली सांधत होती. मी साबणापासून सगळं सांगितलं. ती ओरडली नाही.

"माझा सौदा तू मोडून आलास?"

"तो मैल गोळा करत फिरतोय. त्याचा काय भरवसा?"

"साबन बघून मानूस वलखतोस. इतकी वर्सं तुला काटा नाय दिसला?" तिने सुतळी दातांनी तोडली. "शब्द तू दिलास ना? मग विकायला पन तूच जा."

मला वाटलं, दोन दिवसांचा राग.

पुनव झाली, नारळ दर्याला दिला. पहिली कोळंबी आली तेव्हा साहेबाचा माणूस खरंच आला होता, शेजारच्या होडीपाशी उभा. माझी बायको किनाऱ्यावर आलीच नाही. नाखवा काट्यापाशी उभा राहिलेला आमच्या गावाने बघितला नव्हता. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या.

तो साहेब मैलांसाठीच आला होता, हे मी अजून म्हणतो. पण काट्यापाशी उभं राहिल्यावर तिसऱ्या दिवशी मला दिसलं. व्यापाऱ्याचा गडी पाटी काट्यावर ठेवून हात काढायचा, पण सगळा नाही. करंगळी पाटीच्या खाली राहायची, पाटी हळूच वर उचलून धरणारी. तेवढं वजन कमी भरायचं.

मी त्याचा हात झटकला. दुसऱ्या दिवशी करंगळी पुन्हा तिथेच. घरी मी हे सांगितलं नाही, आणि तिने विचारलं नाही. शब्द मोडणं माझ्या रक्तात नाही. शिमग्यापर्यंत रोज होडी लावली की त्या करंगळीवर नजर ठेवून उभा राहिलो.