चंद्रीच्या कानाचा तुकडा

लोहारा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मोटर उघडून बसलो होतो, तेव्हा भाऊजींचा फोन आला. ताई गेली. पाना हातात धरून तसाच बसून राहिलो, आणि खरं सांगतो, रडू येण्याआधी मला तिच्या पीएचडीच्या गाईडचा चेहरा आठवला.

सुषमाताई घाटंजीला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. पीएचडीत तिला एकच ध्यास, पेशीत शिरलेला परका डीएनए शरीराला कळतो कसा. मी दहावी नापास, तरी मला तिनं समजावलंच. "बाबू, चप्पल दारापाशी असली तं माय काही म्हणत नाही. तीच चुलीजवळ दिसली तं बोंबलते का नाही? कोणाची हाये, हे इचारते का थे?" डीएनएची जागा केंद्रकात. विषाणूचा डीएनए केंद्रकाबाहेर, पेशीच्या रसात सापडला की तिथला पहारेकरी बोंब मारतो. पेशीचा स्वतःचाच तिथं सांडला, तरी तशीच मारतो. हे ताईनं शेळीच्या पेशींत दाखवलं. पेशी आमच्याच चंद्रीच्या कानाच्या. शेळी मी धरली होती, लाथही मीच खाल्ली. गाईड सर म्हणाले, तुझी चूक झाली, वही बंद कर. वर्षभरानं तेच निष्कर्ष सरांच्या नावानं छापून आले. ताईचं नाव आभारातसुद्धा नव्हतं. ती म्हणाली, "जाऊ दे रे..." मी जाऊ दिलं नाही.

ताईच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला, सर आले. मीच बोलावलं होतं. आमच्यात बुद्धवंदनेनंतर लोक आठवणी सांगतात. मी त्यांच्या हाती माईक दिला आणि खिशातल्या मोबाईलवर रेकॉर्डिंग सुरू केलं. सर अगदी गहिवरले. म्हणाले, शेळीच्या पेशींवरचं ते सगळं काम मी स्वतःच्या हातानं केलं, सुषमा मदतीला असायची. मी विचारलं, "सर, पेशी कोणत्या शेळीच्या होत्या जी?"

"तयार मिळतात त्या. नागपूरहून मागवल्या होत्या."

बायकांत बसलेली माय तिथूनच म्हणाली, "काहून खोटं बोलता सायेब? चंद्रीच्या कानाले हळद म्या लावलती." सरांनी माईक खाली ठेवला.

चंद्रीच्या कानाची नोंद असलेली ताईची वही आणि ते रेकॉर्डिंग मी विद्यापीठात देऊन आलो, पोच घेतली. आता सरांचे रोज फोन येतात. म्हणतात, सुषमाला हे आवडलं नसतं. खरं आहे, मुळीच आवडलं नसतं. ती असती तर माझा हात धरून मला घरी आणलं असतं... पण ती आता नाही, सर.